चूल एकच, असं मी सांगितलं

पेण, रामवाडी
१३ जानेवारी २०२६, मंगळवार

मालू,

सगळ्यात आधी आली ती समोरची सीताबाई. साखर संपली म्हणून वाटी घेऊन आली. तिची साखर कधी संपत नाही, मला ठाऊक आहे. आमच्या दारात कोण चपला काढतंय ते तिला बघायचं होतं. तिच्या मागून एक मुलगी, खांद्याला पर्स, गळ्यात ओळखपत्र. आणि मुलीच्या मागून फाइल सांभाळत एक बुवा, काळुराम नावाचा. मला वाटलं गाडीवाले आले. सीताबाईच्या भाच्याने गाडी घेतली तेव्हा दुकानातले लोक फोटो काढायला आले होते, हार घालून. म्हणून मी आधी पदर सारखा केला, मग या म्हटलं.

कुठली गाडी, ते तुला कुठून ठाऊक असणार? फोन तू उचलत नाहीस. अपेक्षा उचलते, "आजी शेतावर गेलीय" म्हणते आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. पोरीला नीट खोटं बोलायला तरी शिकव. म्हणून लिहिते. माझं अक्षर चौथीचं आहे, लागलं नाही तर तिच्याकडून वाचून घे.

तर माझ्या पोपटच्या साईराजने गाडी घेतली. वडखळच्या एका माणसाची जुनी आहे, पण पांढरी, सात जण ऐसपैस बसतात. आणि घेतली कोणाच्या नावावर? माझ्या! पोराची मोटारसायकल दोनदा आडवी झाली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं की त्याचं नाव लाभत नाही. म्हणाला, गावाला पेरणीची पहिली मूठ आजी टाकायची, आजीच्या हाताला यश आहे, गाडीवर नाव आजीचंच. पोपट म्हणाला, "अरे, म्हातारीच्या नावावर कोण गाडी घेतं?" पोरगं म्हणालं, "बाबा, तुमच्या नावावरचं काय टिकलंय आजवर?"  मी आत जाऊन हसले. माझं आधारकार्ड नेलं, मोबाइलवर नंबर आला तो सांगितला, झालं. रंभा हरिश्चंद्र धुमाळ, गाडीची मालकीण. मी पुढच्या सीटवर बसते. पट्टा लावायचा असतो, तो साईराज लावतो, मला ते बटण सापडत नाही.

पहिल्या दिवशी वडखळपर्यंत जाऊन आलो. काही काम नव्हतं. तिथे चहा प्यायलो आणि परत आलो.

हां, तर ती मुलगी. मृणाली तिचं नाव, मृणाली मॅडम. बसली, पाणी प्यायली, आणि विचारते, "आजी, खाली पांढरी गाडी उभी आहे ती कोणाची?"

"माझी."

"म्हणजे तुमच्या घरातल्यांची?"

"नाय गो बाय, माझीच. माझ्या नावावर हाय. बसून बघतेस?"

तिने काळुरामकडे बघितलं, काळुरामने फाइलीकडे. मी आपली आत जाऊन तिळाचे लाडू घेऊन आले, उद्याचे केलेले. तेव्हा म्हणते, "आजी, आम्ही रोह्याहून आलोय. रेशनच्या कामाला."

तोवर लाडू तिच्या हातात होता, त्यामुळे तिला ठेवता येईना आणि खाता येईना.

मग तिने आणखी दोनचार गोष्टी विचारल्या, मी सांगितल्या. ते काही एवढं विशेष नाही. लाडू चांगले झालेत म्हणाली.

तुझ्याकडे धान्य नीट येतंय ना? सहज विचारलं.

रंभा


पेण
१९ जानेवारी, सोमवार

मालू,

अपेक्षाचा निरोप साईराजच्या मोबाइलवर आला. "या महिन्याचे धान्य नाही. मशीन नाही म्हणते." एवढंच. पोरगी तुझ्यावर गेली आहे, शब्द मोजून वापरते.

मी साईराजला म्हटलं, असं कसं, मशीनला काय ठाऊक? त्याने मला समजावलं. सरकारकडे रेशनवाल्यांची एक यादी आहे आणि गाडीवाल्यांची एक यादी आहे. आजवर दोघी आपापल्या जागी होत्या. आता कॉम्प्युटर दोन्ही शेजारी ठेवतो आणि आधारचे नंबर जुळवून बघतो, आपण पत्रिका जुळवतो तसा. फरक एवढाच की पत्रिका जुळली की लग्न होतं, आणि इथे जुळलं की मोडतं. ज्याच्याकडे चारचाकी त्याला फुकटचं धान्य कशाला, असा त्यांचा हिशोब. म्हणजे हिशोब बरोबरच आहे, मी तरी काय म्हणणार.

पण कार्ड आपलं अजून एकच ना गो. आपल्या खांब गावच्या घराचं. घरातली थोरली बाई म्हणून पहिलं नाव माझं, खाली तुझं, खाली अपेक्षाचं. दाणा घेतेस तू, मी इथे पेणला आल्यापासून त्यातला एक तांदूळ बघितलेला नाही. गाडीवाली मी, आणि बंद झालं तुझं.

सगळं सांगायचं तर एवढ्यावर राहत नाही. गेल्या वर्षी केवायसीचा गलका झाला होता, सगळ्यांनी अंगठा द्या म्हणून, तेव्हा साईराज म्हणाला होता, "आजी, तू आता इथे राहतेस, तिकडचं नाव कमी करून टाकू." मी ऐकलं नाही. इथल्याच दुकानात जाऊन अंगठा देऊन आले. दोनदा द्यावा लागला, पहिल्यांदा मशीनने घेतला नाही. धान्यासाठी नाही, आई एकवीरेची शपथ. त्या घराचं नाव लिहिलेलं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून. तेव्हा गुपचूप नाव काढू दिलं असतं तर आज गाडीचं आणि तुझं नातंच जुळलं नसतं.

तुला राग यायचा तो येऊ दे. पण तांदूळ का परत पाठवलास? काल साईराज एवढा घेऊन आला. घरचा नव्हता, दुकानातलाच होता, पण बरा होता. पोरगं गोणी तशीच गाडीत घेऊन परत आलं. म्हणाला, "काकीआजीने चहा दिला, वालाचं बिरडं-भात खायला घातलं, आणि मग म्हणाली, तुझ्या आजीला सांग, गाडीतनं तांदूळ पाठवायला मी काय तिच्या घरची मोलकरीण नाय."

मी विचारलं, आणखी काय म्हणाली?

तो म्हणे, "म्हणाली, म्हातारी पुढच्या सीटवर बसते का?"

व्हय म्हणालास का, म्हटलं.

"हो. मग ती हसली. पण चांगलं नाही हसली."

मला कळलं कसं हसली असशील. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तसंच माझ्या लग्नातल्या शालूला हसली होतीस.

त्याला बिरडं घातलंस, बरं केलंस. इथे मी करते पण वाल सोलायला कोणी बसत नाही माझ्याबरोबर. सून म्हणते विकत सोललेले मिळतात.

मी त्या मुलीला एवढंच सांगितलं की गाडी माझी. गाडी माझी नाही असं कसं सांगणार, कागदावर नाव आहे.

रंभा


पेण
२३ जानेवारी, शुक्रवार

मालू,

हे पत्र अपेक्षाला देऊ नको. तुझं तू वाच, अडखळत वाचलंस तरी चालेल, घाई नाही.

काल इथे माघी गणपतीची धामधूम होती. आरतीला उभी होते आणि साईराजने येऊन मोबाइल पुढे धरला. अपेक्षाचा निरोप. "दुकानदार सांगतो चौकशीत लिहिलंय कुटुंबाचा सांभाळ पोपट धुमाळ करतात. आजी विचारते हे कोणी सांगितलं."

मी आरती अर्धी टाकून घरी आले.

मी सांगितलं. आणखी कोण सांगणार?

आता सगळंच लिहिते. त्या दिवशी लाडू खाऊन झाल्यावर त्या मुलीने विचारलं, "कार्डावर मालती शांताराम धुमाळ आहेत, त्या कोण?" मी म्हटलं धाकटी जाऊ. "त्या तुमच्याबरोबर राहतात?" मी म्हटलं, गावाला असते. "म्हणजे वेगळं कुटुंब ना? चूल वेगळी?"

बघ, तिने किती सोपं करून विचारलं होतं. माझ्या तोंडात शब्दच घातला होता. फक्त व्हय म्हणायचं होतं. व्हय म्हटलं असतं तर तिने लिहून घेतलं असतं की गाडीवाली म्हातारी वेगळी आणि गावची वेगळी, आणि तुझं धान्य तुला राहिलं असतं. हे मला आता साईराजने समजावलं. तेव्हा नव्हतं कळलं. पण कळलं असतं तरी मी व्हय म्हटलं असतं का, देवाला ठाऊक.

सीताबाई वाटी घेऊन तिथेच बसलेली. काळुराम बसलेला. परक्या माणसांसमोर मी असं सांगू, की धुमाळांच्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत? की थोरली गणपती उचलून पेणला घेऊन आली आणि धाकटीने तेव्हापासून तोंड फिरवलंय? आपल्या सासूने कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही असलं काही. भावोजी आणि हे महिना महिना बोलायचे नाहीत, पण पाहुणा आला की एका पाटावर बसून जेवायचे. तीच आपली रीत. माझ्या तोंडून ती रीतच बोलली.

मी म्हटलं, "वेगळी कसली, चूल एकच. सणवार सगळा एकत्र."

ती म्हणाली, "आणि त्यांचं भागतं कसं?"

तिथे तरी मी थांबायचं ना! तर मी म्हणते, "माझा पोपट हाय की. काकीला काय कमी पडू देत नाय तो. दर महिन्याला जातो."

सीताबाईने माझ्याकडे असं बघितलं. पोपट किती वेळा आला ते तुला ठाऊक आहे, मी कशाला लिहू. आणि ती मुलगी इतकी चांगली, म्हणते, "छान, हल्ली असं कुठे बघायला मिळतं." मला बरं वाटलं, मालू. खरं सांगते. थोडा वेळ मलाही वाटलं की तसंच आहे. मी तिला दुसरा लाडू दिला.

तुझ्या ताटातलं काढून मी शोभा केली. अपेक्षाला आईबापाविना तू वाढवलीस, कोणापुढे हात केला नाहीस, आणि मी एका वाक्यात तुला पोपटच्या जिवावर बसवलं. तांदूळ गेला तो एक. हे दुसरं त्याच्याहून वाईट झालं. ते तुला जास्त लागलं असणार, मी ओळखते तुला.

गणपतीचंही आता लिहूनच टाकते. देव थोरल्याकडे, हे खरं. पण पोपटने इथे घर बांधलं तेव्हा तुला विचारायला हवं होतं मी. तू नाही म्हटलं नसतंस. विचारलं नाही म्हणूनच तू नाही म्हणालीस.

जेवण जात नाही. गाडीत मात्र काल बसले, बाजारापर्यंत. खोटं कशाला लिहू.

रंभा


पेण
२ फेब्रुवारी, सोमवार

मालू,

आज रोह्याला जाऊन आले. एसटीने जाणार होते, त्या गाडीत बसून त्या कामाला जायला मला लाज वाटत होती. पण साईराजने गाडी दारात आणून उभी केली, आणि मग बसले पुढे. खांबवरून गेलो. आपल्या फाट्यावर मी त्याला म्हटलं हळू घे. तुझं घर रस्त्यावरून दिसत नाही, तरी हळू घे म्हटलं.

निघण्याआधी पोपटशी भांडण झालं. मी म्हटलं, मी सांगून येणार, दोन चुली आहेत, माझं नाव त्या कार्डावरून काढा. तो म्हणाला, "आई, डोकं फिरलंय काय? कार्डावरनं नाव गेलं म्हणजे घरातनं गेलं. उद्या काकी म्हणेल तुमचा संबंध काय, तर काय दाखवशील?"

मी म्हटलं, "तू काकीला सांभाळतोस ना? ते दाखवीन."

त्यावर तो जेवणावरून उठला. सून म्हणाली, कशाला बोलता त्यांना. साईराज तोंड लपवून हसत होता. पोपट वाईट नाही गो. काकीकडे जात जा असं त्याला कोणी सांगितलं नाही, आणि मी सांगायला हवं होतं ती मी बाहेरच्यांना सांगत बसले.

कचेरीत मृणाली मॅडमनी ओळखलं. "आजी, गाडी घेऊन आलात?" म्हणाली. मी म्हटलं आले, पण तू आधी माझं ऐक. उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने खुर्ची दिली तरी बसले नाही, बसले असते तर इकडचं तिकडचं बोलत राहिले असते.

तिने फाइल काढली. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात चूल एकच. आज म्हणता दोन. आजी, यातलं खरं कुठलं?"

"आजचं."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी सीताबाई बसली होती."

काळुरामला हसू फुटलं. ती नाही हसली. म्हणाली, "तुम्ही सांगितलं तेच मी वर पाठवलं. आता तुमच्या शब्दावर उलट कसं लिहू? कोणीही येईल आणि म्हणेल, आम्ही वेगळे झालो. यादीत गाडी निघाली की रोज दहा घरं अशी वेगळी होतात."

बरोबरच बोलत होती. मी म्हटलं, "बाय, तू घरी येऊन बघ. माझी जाऊ मला दारात उभी करत नाय. तेवढं बघितलंस तर तुझी खात्री पटेल."

आता ती हसली. मग सांगितलं काय करायचं ते. मी लिहून दिलं. अर्ज साईराजने लिहिला, सही माझी. माझं नाव खांबच्या कार्डावरून कमी करा म्हणून. सही वाकडी आली ती वयाने, असं मी काळुरामला सांगितलं. त्या उंबऱ्यावर माप लवंडून मी आत आले, पुढच्या वर्षी तू आलीस. नाव काढायला एक सही पुरते. आता मंजूर झालं की पहिलं नाव तुझं, घरातली थोरली बाई तू. थोरलेपण तुला कधीतरी मिळायचंच होतं, मी जिवंत असताना मिळतंय एवढंच.

आता नीट वाच, हे महत्त्वाचं आहे.

मॅडम आणि काळुराम मागे एकदा खांबला येऊन गेले होते, तुझ्या दाराला कुलूप होतं म्हणे. वाल काढायला गेली असशील. आता परत येणार आहेत, घर बघायला. शेजारीपाजारी विचारणार, भांडीकुंडी बघणार. मलाही हजर राहायला सांगितलंय. दोघींनी समोरासमोर सांगायचं.

मी येईन. गाडी फाट्यावर ठेवायला सांगते, चालत येईन. मी ओट्यावर बसेन. मला आत बोलावू नको. पाणी देऊ नको. तुझा हात आपोआप तांब्याकडे जाईल, मला ठाऊक आहे, दारात आलेल्याला तू कोरडं ठेवत नाहीस. पण त्या दिवशी ठेव. तू मला पाणी दिलंस आणि मी ते पाट ओढून प्यायले तर त्या मुलीला पुन्हा एकच चूल दिसेल आणि सगळं मुसळ केरात. वैनी म्हणू नको. म्हणायचंच असेल तर तुझ्या मनात आहे ते बोल, तोंडावर बोल, देव नेला ते बोल, पोपट फिरकला नाही ते बोल. मी मधे बोलणार नाही. हे मी तिला खरंच सांगून आले आहे की तू माझ्याशी बोलत नाहीस, तर निदान ती माणसं असेपर्यंत मला खोटी पाडू नको.

अपेक्षाला सांग, पाया पडायला धावत येऊ नको म्हणून.

ती माणसं गेल्यावर काय करायचं ते तू ठरव. उठून चालती हो म्हणालीस तर फाट्यावर साईराज आहेच. नाही म्हणालीस तर मी वाल सोलायला बसेन, तुझ्याकडे यंदा पुष्कळ झालेत असं पोरगं सांगत होतं.

गुरुवारी येतो म्हणालेत, अकराच्या सुमारास. तोवर राग सोडू नको.

रंभा